एका नावाची प्रत

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे निमंत्रण संपादक मंडळाकडून आले तेव्हा आम्ही तिघे वर्गमित्र थोडे संकोचलो. शाळेच्या आठवणी लिहिणारे हात आमच्याहून समर्थ आहेत. वसतिगृहातील पहिली रात्र, हौदावरची रांग, रविवारी भेटायला येणाऱ्या आईच्या पिशवीतील भाकरी-चटणी, यांविषयी या अंकात इतरत्र वाचावयास मिळेलच. आम्ही संगणकावर पोट भरणारी माणसे. एक जण पुण्यात प्रोग्राम लिहितो, दुसरा नागपुरात महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवितो, तिसरा नांदेडला एका बँकेच्या संगणक विभागात आहे. तेव्हा आम्हांस जे ठाऊक आहे तेच लिहावे, असे ठरविले. विषय वरवर पाहता रुक्ष आहे. संगणक एखादी फाइल ओळीओळीने कशी वाचतो, वाचलेल्या अक्षरांची प्रत कशी करतो, आणि या दोन कामांना वेळ का लागतो, एवढाच तो विषय. परंतु याच विषयाने मागील वर्षी आपल्या शाळेच्या सभागृहात, आपल्याच माणसांसमोर, आम्हांस मान खाली घालावयास लावली. ती हकीकत सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

काम मोठे नव्हते. शाळा सुरू झाल्यापासूनच्या सर्व विद्यार्थ्यांची यादी या स्मरणिकेत छापावयाची होती. कार्यालयाच्या लोखंडी कपाटात प्रवेशाच्या नोंदवह्या आहेत. आपण सारे त्यांना ‘जनरल रजिस्टर’ म्हणतो. दिवाळीच्या सुटीत वरच्या वर्गातील मुलामुलींनी त्या वह्या समोर ठेवून सारी नावे संगणकावर उतरविली. एका विद्यार्थ्याची एक ओळ. तिच्यात नोंद क्रमांक, प्रवेशाचे वर्ष, पूर्ण नाव आणि गाव. सुमारे नऊ हजार ओळींची ती साधी फाइल आमच्या हाती आली आणि तिच्यावरून वर्षवार यादी तयार करण्याची जबाबदारी आम्ही आनंदाने स्वीकारली.

आमच्या वेळी संध्याकाळच्या जेवणाआधी रेक्टर सर वही उघडून हजेरी घेत. एक नाव वाचले जाई, एक ‘हजर’ ऐकू येई, मगच पुढचे नाव. फाइल ओळीओळीने वाचणे म्हणजे अशीच हजेरी होय, असे नवख्या माणसास वाटते. तसे ते नसते. संगणकाला ओळ ही गोष्टच माहीत नाही. त्याच्यापुढे असते ती बाइट नावाच्या लहान अंकांची एक अखंड माळ. प्रत्येक अंक शून्यापासून २५५ पर्यंतचा. ओळ संपली हे कळावे म्हणून त्या माळेत १० हा अंक ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे एक ओळ वाचावयाची तर संगणकाने एकेक मणी तपासत १० हा मणी कोठे येतो ते शोधले पाहिजे.

येथे आपल्या देवनागरीचा संबंध येतो. आज बहुतेक मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठविला जातो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ मध्ये ती पद्धत आखली. तिच्यात रोमन लिपीच्या साध्या अक्षरास एक बाइट पुरतो, तर देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हास तीन बाइट लागतात. मात्रा आणि वेलांट्याही स्वतंत्र मोजल्या जातात. ‘दिनकर’ हे नाव घ्या. द, ऱ्हस्व वेलांटी, न, क, र अशी पाच चिन्हे, म्हणून पंधरा बाइट. तेच नाव रोमन लिपीत लिहिले तर सहा बाइट. मात्र त्या दोघांनी एक शहाणपण केले. अशा बहुबाइटी अक्षराचा प्रत्येक बाइट १२७ पेक्षा मोठाच असतो, म्हणून ओळ संपल्याची १० ही खूण आपल्या कोणत्याही अक्षराच्या पोटात चुकूनसुद्धा सापडत नाही. देवनागरी मजकुराला जागा अधिक लागते, पण ओळी मोडत नाहीत.

आता वेळेविषयी. पालकांपैकी अनेकांनी विहिरीचे पाणी शेंदले आहे. तांब्याला दोर बांधून एकेक तांब्या पाणी वर काढावयाचे ठरविले तर हौद भरेपर्यंत दिवस मावळेल. पाणी जड आहे म्हणून नव्हे, तर प्रत्येक खेपेला दोर सोडणे, ओढणे आणि पुन्हा सोडणे यातच वेळ जातो म्हणून. प्रोग्रामला डिस्कवरील मजकूर हवा असेल तर त्याला स्वतः तेथे जाता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करावी लागते, आणि ही प्रत्येक मागणी म्हणजे दोराची एक खेप. यावर जुना उपाय आहे, तो बफर. मागताना एकच बाइट मागायचा नाही. एकदम बादलीभर मागायचे, बादली जवळ ठेवायची आणि तिच्यातून हवे तसे ओळीओळीने घ्यायचे. जावा भाषेच्या बफर्ड रीडरची बादली सामान्यतः ८,१९२ अक्षरांची असते, रस्टमधील तशाच साधनाची ८,१९२ बाइटची, आणि गो भाषेतील साध्या बफर्ड रीडरची ४,०९६ बाइटची. हिशेब करून पाहावा. एक गिगाबाइटच्या फाइलमध्ये १,०७,३७,४१,८२४ बाइट असतात. एकेक बाइट मागितला तर मागण्याही तितक्याच. ८,१९२ बाइटची बादली वापरली तर मागण्या १,३१,०७२ होतात. शंभर कोटींहून अधिक खेपांच्या जागी सव्वा लाखाच्या आसपास!

हे आम्ही पुस्तकातून शिकलो, पण पटले ते नोकरीत. आमच्यातील एकाच्या पहिल्या नोकरीत रोज रात्री एक मोठी फाइल वाचण्याचे काम असे. सकाळी कचेरी उघडेपर्यंत ते संपत नसे. सगळे जण नवे यंत्र मागवा म्हणत होते. प्रोग्राम उघडून पाहिला तेव्हा तो तांब्याने पाणी शेंदत होता. मध्ये बादली ठेवली आणि तेच काम जेवणाच्या सुटीत उरकू लागले. यंत्र जुनेच राहिले. दारिद्र्यात वाढलेल्या माणसाला असला उपाय फार आवडतो. खिशाला चाट न पडता काम भागते.

त्यानंतर आम्हांस वेगाचे वेडच लागले, हे कबूल केले पाहिजे. कोणती भाषा वेगवान, यावर आम्ही तिघे तासन् तास वाद घालत असू. सी++ ही वेगाची राणी आणि पायथन ही आळशांची भाषा, असे आमच्यातील एकाचे ठाम मत. पैज लागली. दोन्ही भाषांत एकच मोठा मजकूर ओळीओळीने वाचून ओळी मोजायच्या. पायथन जिंकली! कारण शोधले तेव्हा उमगले की पायथनचे फाइल वाचण्याचे आतले यंत्र सी भाषेतच लिहिलेले आहे. उलट सी++ आपला वाचनप्रवाह सीच्या जुन्या प्रवाहाशी जुळवून ठेवते, जेणेकरून दोन्ही मिसळून वापरता यावेत. त्या जुळवणीपायी काही ठिकाणी बादली बाजूला राहते आणि तांब्या हाती येतो. ती जुळवणी बंद करण्याची एक ओळ लिहिली आणि चित्र पालटले. वेग भाषेच्या नावात नसतो, त्या भाषेत नेमके काय घडते आहे यात असतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा प्रतींचा. एक ओळ वाचली जाते तेव्हा तिच्या किती प्रती होतात? डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिमच्या जागेत एक. तेथून प्रोग्रामच्या बादलीत दुसरी. बादलीतून काढून स्वतंत्र ओळ बनविली की तिसरी. त्या ओळीचे स्वल्पविरामापाशी तुकडे करून नाव, गाव, वर्ष वेगळे केले की प्रत्येक तुकड्याची चौथी. अक्षरे उतरविणे तसे स्वस्त आहे. खरा खर्च होतो तो प्रत्येक प्रतीसाठी मेमरीत नवी जागा मागण्याचा, आणि काम संपल्यावर ती जागा झाडून परत देण्याचा. पंगतीत प्रत्येक घासाला नवे ताट मांडले तर जेवणापेक्षा भांडी घासण्यातच रात्र जाईल, तसे हे आहे. म्हणून जाणते प्रोग्रामर एकच ताट पुन्हा पुन्हा वापरतात. रस्ट भाषेत ओळी वाचण्याची एक सोपी रीत प्रत्येक ओळीला नवी जागा देते, तर दुसरी रीत एकाच जागेत पुढची ओळ लिहू देते. सोय आणि वेग यांतील निवड वाचणाऱ्यावर सोपविलेली असते.

प्रत कशी फोफावते, याचे एक उदाहरण आमचे प्राध्यापक मित्र वर्गात नेहमी देतात. समजा एक हजार नावे एकापुढे एक जोडून एकच लांब मजकूर करावयाचा आहे आणि प्रत्येक नाव तीस बाइटचे आहे. सरळ जोडले तर तीस हजार बाइट लिहून काम संपते. पण काही भाषांत एकदा तयार झालेला मजकूर बदलत नाही. तेथे प्रत्येक जोडणीस नवा मजकूर बनतो आणि आधीची सारी नावे पुन्हा उतरविली जातात. वहीत एक ओळ वाढवायची म्हणून दर वेळी अख्खी वही नव्या वहीत उतरवून काढण्यासारखे! बेरीज केली तर १,५०,१५,००० बाइट उतरवावे लागतात, म्हणजे पाचशे पट. जावामध्ये यासाठी स्ट्रिंगबिल्डर नावाची सोय आहे. ती पुढची जागा आधीच थोडी मोकळी ठेवते. सी भाषेत अडचण निराळी. तेथे मजकुराची लांबी कोठे लिहून ठेवलेली नसते, शेवटी फक्त शून्य हा अंक असतो. म्हणून पुढचे नाव जोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत चालत जावे लागते.

जागा न मोजता केलेली प्रत तर घातकच. सी भाषेत ओळ वाचण्याचे ‘गेट्स’ नावाचे एक साधन होते. समोरची ओळ किती लांब आहे आणि आपल्याकडे जागा किती, हे ते पाहतच नसे. नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ नावाच्या प्रोग्रामने त्या काळच्या इंटरनेटवरील हजारो यंत्रांत शिरकाव केला. त्याच्या वाटांपैकी एक वाट हीच होती. ५१२ बाइटच्या जागेत त्याहून लांब ओळ ओतली गेली आणि उतू गेलेल्या अक्षरांनी शेजारची जागा बळकावली. सीच्या २०११ च्या प्रमाण आवृत्तीतून ते साधन अखेर काढून टाकण्यात आले.

मग प्रत करूच नये, हा विचार मनात येतो. ओळीची प्रत न करता ती बादलीत कोठे आहे, एवढीच खूण ठेवली तर? ‘अमुक जागेपासून इतके बाइट’ अशी खूण काही मोजक्या बाइटांत मावते, मग ओळ कितीही लांब असो. हा विचार चुकीचा नाही. प्रसिद्ध ‘ग्रेप’ हे साधन केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये लिहिले. त्याची आजची जीएनयू आवृत्ती वेगवान आहे त्याचे एक कारण असे की ती मजकुराच्या ओळी पाडत बसत नाही. मोठा तुकडा घेऊन त्यात हवा तो शब्द शोधते, आणि शब्द सापडला तरच ती ओळ कोठे सुरू झाली आणि कोठे संपली ते पाहते. जावाचा अनुभव मात्र उलटा. तेथे एकेकाळी मोठ्या मजकुरातून लहान तुकडा काढला तर त्याची प्रत होत नसे, मूळ मजकुराकडे खूण राहत असे. परिणाम असा की दहा अक्षरांचे नाव जवळ ठेवले तरी त्याच्यापायी अख्ख्या फाइलएवढा मजकूर मेमरीत अडकून पडे. २०१२ मध्ये, सातव्या आवृत्तीच्या सहाव्या सुधारणेपासून, जावाने ती रीत सोडली आणि तुकड्याची प्रत करावयास सुरुवात केली. म्हणजे प्रत केल्याचीही किंमत असते आणि न केल्याचीही.

हे सारे आम्हांस ठाऊक होते. तरीही पुढचे घडले.

शाळेची यादी बनविताना आम्ही गो भाषा निवडली, कारण पुण्याचा आमचा मित्र रोज तीच वापरतो. त्या भाषेत ओळी वाचण्याचे ‘स्कॅनर’ नावाचे साधन आहे. त्याच्याकडून ओळ दोन प्रकारे मागता येते. ‘टेक्स्ट’ म्हटले तर ओळीची स्वतंत्र प्रत मिळते. ‘बाइट्स’ म्हटले तर प्रत होत नाही, स्कॅनरच्या आतल्या बादलीकडे खूण मिळते. ही खूण पुढची ओळ वाचेपर्यंतच भरवशाची, असे त्या साधनाच्या माहितीपत्रात स्पष्ट लिहिले आहे. आम्ही सवयीने वेगवान मार्ग घेतला. वर्ष लगेच अंकात बदलून घेतले, नाव व गाव यांच्या खुणा तेवढ्या जपून ठेवल्या. वीस ओळींची लहान फाइल करून तपासले. यादी अचूक आली. आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

मागील वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात सभागृहातील पडद्यावर ती यादी दाखवावयाची होती. समोर गुरुजन, पालक, आजी-माजी विद्यार्थी. पहिल्या रांगेत सुरुवातीच्या तुकडीतील एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. एस.टी.त वाहक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले. सोबत नातू होता. आम्ही अख्खी फाइल लावून कळ दाबली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच यादी तयार! वेगाचे कौतुक करणारे दोन शब्दही आम्ही बोलून गेलो. मग पहिले पान पडद्यावर आले.

वर्षे बरोबर होती. नावांच्या जागी भलतेच काही होते. कोठे अर्धे आडनाव, कोठे गावाचे शेपूट, कोठे तुटलेल्या अक्षराच्या जागी उमटणारी काळी चौकट आणि तिच्यात प्रश्नचिन्ह. पहिल्या तुकडीच्या ओळींत अलीकडच्या वर्षी दाखल झालेल्या मुलींच्या नावांचे तुकडे दिसत होते. सभागृहात कुजबुज सुरू झाली. ते गृहस्थ चष्मा सारखा करून पडद्याजवळ आले, बराच वेळ पाहत राहिले आणि शांतपणे म्हणाले, “पोरांनो, आमच्या वेळी शाळेत मुली नव्हत्या.” मागे हशा पिकला. ते हसले नाहीत. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “वर्ष माझं आहे. नाव माझं नाही.”

आम्ही यंत्र बंद केले.

त्या रात्री वसतिगृहातील पाहुण्यांच्या खोलीत बसून आम्ही कारण शोधले. ते सापडावयास अर्धा तास पुरला, आणि मनाला लागलेली टोचणी मात्र अजून गेलेली नाही. स्कॅनरची बादली सुरुवातीस ४,०९६ बाइटची असते. आमची तपासणीची वीस ओळींची फाइल एकाच बादलीत मावली होती. बादली पुन्हा भरावीच लागली नाही, म्हणून साऱ्या खुणा शाबूत राहिल्या. पूर्ण फाइल वाचताना तीच बादली शेकडो वेळा भरली गेली. आमच्या नऊ हजार खुणा त्या एकाच बादलीकडे बोट दाखवीत होत्या, आणि शेवटी बादलीत उरल्या होत्या त्या अखेरच्या तीसेक ओळी. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाची लांबी त्याची स्वतःची होती, अक्षरे दुसऱ्याची. आपले अक्षर तीन बाइटांचे, म्हणून खूण भलत्या ठिकाणी पडली की बहुतेक वेळा ती अक्षराच्या मध्येच पडे. त्या काळ्या चौकटी तेथूनच आल्या. हीच चूक रस्ट भाषेत केली असती तर प्रोग्राम तयारच झाला नसता. ज्या जागेकडे कोणाची खूण आहे ती जागा बदलू देण्यास तेथील कंपायलर नकार देतो. पण दोष भाषेचा नव्हता. माहितीपत्रात लिहिलेली अट वाचूनही आम्ही ती पाळली नाही, एवढेच खरे.

दुरुस्ती एका शब्दाची होती. ‘बाइट्स’ काढून ‘टेक्स्ट’ लिहिले. आता प्रत्येक ओळीची स्वतंत्र प्रत होऊ लागली. प्रोग्राम पुन्हा चालविला. किती वेळ अधिक लागला? आम्हांस डोळ्यांनी काही फरक दिसला नाही. नऊ हजार ओळी संगणकाला काहीच नाहीत. शंभर कोटी ओळींसाठी शिकलेली काटकसर आम्ही नऊ हजार नावांवर केली होती. जी बचत कोणी मागितली नव्हती आणि कोणाच्या उपयोगाची नव्हती, तिच्यासाठी आम्ही माणसांची नावे पणास लावली होती.

शेवटची बस चुकल्यामुळे ते गृहस्थ त्या रात्री नातवासह वसतिगृहातच मुक्कामाला होते. सकाळी चहाच्या वेळी आम्ही त्यांना कार्यालयात नेले आणि पहिले पान उघडले. त्यांनी आपली ओळ शोधली. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव. त्यांनी ती दोनदा वाचली. वडिलांच्या नावातील एक काना गळालेला होता. आमच्या पोटात पुन्हा गोळा आला. कपाटातून मूळ वही काढून पाहिली. तेथेही काना नव्हता. पूर्वीच्या कोणा लिहिणाऱ्याच्या हातून तो निसटला होता.

“दुरुस्त करू का, काका?” आम्ही विचारले.

“नको,” ते म्हणाले. “वहीत जसं आहे तसंच राहू द्या. दाखल्यावर तेच आलं, नोकरीत तेच लागलं, पेन्शनच्या कागदावर तेच आहे. वडील म्हणायचे, नाव लिहिलं गेलं हेच पुष्कळ. त्यांचं स्वतःचं कुठे लिहिलेलं नव्हतं.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “माझी तीस वर्षं तिकिटं फाडण्यात गेली. गाडी वेळेवर पोचली पाहिजे, हे खरं. पण कोणाला खाली ठेवून वेळेवर पोचण्यात काय आहे?”

आम्हांस उत्तर सुचले नाही.

या प्रसंगानंतर आम्ही आमचा एक साधा नियम केला आहे. तो नव्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे नमूद करतो. जे वाचून लगेच विसरावयाचे आहे त्याची प्रत करू नये. ओळी मोजायच्या, बेरीज करायची, एखादा शब्द आहे की नाही ते पाहायचे, अशा कामांत खूण पुरते आणि वेग मिळतो. जे जवळ ठेवावयाचे आहे त्याची प्रत करावी, मग थोडा वेळ जाईना का. आणि कोठे वेळ जातो ते आधी मोजून पाहावे, अंदाजाने काटकसर करू नये. तपासणीची फाइल बादलीपेक्षा मोठी असावी, हेही आम्ही आता कधी विसरत नाही. ज्या घरांत शिकणारी आपली पहिलीच पिढी आहे, तेथील मुले आता मोठ्या कंपन्यांत प्रोग्राम लिहीत आहेत. त्यांना वेग शिकविणारे पुष्कळ भेटतील. समोरच्या ओळीत एक माणूस आहे, ही आठवण मात्र त्यांनी येथूनच घेऊन जावी.

प्रतीविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. यादी जुळविताना लक्षात आले की एका जुन्या वहीच्या काही पानांचा खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला आहे. नोंद क्रमांक आणि वर्ष शिल्लक आहे, काही ठिकाणी नावाचे पहिले अक्षर दिसते, पुढे भोक. त्या पानांची कोणी कधी प्रत केली नव्हती. संगणकाच्या बादलीतील आमची चूक एका शब्दाने दुरुस्त झाली, कारण मूळ फाइल शाबूत होती. वाळवीने खाल्लेल्या नावांना मूळही नाही आणि प्रतही नाही. त्या जागा आम्ही यादीत कोऱ्या ठेवल्या आहेत. अंदाजाने काही भरले नाही, आणि ओळ वगळलीही नाही. क्रमांक आणि वर्ष छापून पुढे रिकामी रेघ सोडली आहे.

वाचकांना आमची नम्र विनंती आहे. ही स्मरणिका हाती आल्यावर यादी उघडून आपली ओळ पाहावी. आपल्या मागच्यापुढच्या क्रमांकांच्या मित्रांची पाहावी. रिकाम्या रेघेवर कोण होता, कोणत्या खाटेवर झोपत असे, कोणत्या गावचा होता, हे आठवत असेल तर शाळेच्या कार्यालयास पत्राने कळवावे. जुना दाखला, गुणपत्रिका, एखादे छायाचित्र घरी असेल तर त्याची प्रत पाठवावी. मूळ कागद मात्र आपल्याजवळच ठेवावा. जे हयात नाहीत त्यांच्या मुलाबाळांनीही हे काम करावे. आलेले प्रत्येक नाव आम्ही स्वतः यादीत लिहू, आणि त्या यादीच्या निदान तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणी राहतील याची काळजी घेऊ.

या कामाला वेळ लागेल. लागू द्यावा.